गेम वेगळा, कॅसेट वेगळी

राजारामपुरीतल्या एका माडीवर महिन्यातून एकदा आम्ही आठ-दहा जण जमतो. मध्ये चटई, चटईवर जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींचा ढीग, कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली, कापसाचे बोळे आणि भडंगाची परात. भडंगाचा हात कॅसेटीला लावायचा नाही हा आमचा एकमेव लेखी नियम. (कार्ट्रिज हा शब्द आम्हाला फार उशिरा कळला. लहानपणापासून ती कॅसेटच.)

कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लज या पट्ट्यात कुणाकडं काय जपलेलं आहे याचा एक सामायिक डेटाबेस करू या, असं ठरलं. सुरुवात सगळे करतात तशीच केली. एक ऑनलाइन शीट उघडली आणि सगळ्यांना लिहायची मुभा दिली. तीन महिन्यांत त्यात ‘कॉन्ट्रा’ नावाच्या सात ओळी झाल्या. आमच्यातल्या एका उत्साही गड्याला ते खटकलं. रात्री जागून त्यानं ‘डुप्लिकेट’ काढले, सातची एक ओळ केली आणि सकाळी ग्रुपवर कळवलं, ‘शीट साफ केली भावांनो.’

त्या साफसफाईत माझी कॅसेट गेली. कपाटातली नाही, नोंदीतली. शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या मामांच्या घरातून ती आली, 2019 च्या पुरात पाण्याखाली होती, लेबल निम्मं गेलंय पण अजून चालते, असं त्या ओळीत लिहिलं होतं. मी तावातावानं फोन केला. तो शांतपणे म्हणाला, ‘अरं पण गेम एकच हाय की! सात येळा कशाला लिवायचा?’

‘कॅसेटी सात आहेत.’

‘पण गेम एकच.’

अर्धा तास हेच चाललं. तो गेमबद्दल बोलत होता आणि मी कॅसेटीबद्दल, आणि शीटमध्ये दोघांसाठी मिळून ओळ एकच होती. जुन्या गेमांचा डेटाबेस करायला बसलेले बहुतेक लोक पहिल्यांदा इथंच अडखळतात असं माझं मत झालंय.

हा घोळ ग्रंथालयांनी फार पूर्वी सोडवलाय. आपल्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना 1850 सालची. अशा कुठल्याही ग्रंथालयात एका कादंबरीच्या पाच प्रती असल्या तर वर्गीकरणाचा क्रमांक पाचांना एकच असतो, पण दाखल क्रमांक पाच वेगळे. कादंबरी कुणी लिहिली हे पाच वेळा लिहायचं कारण नसतं. चौथ्या प्रतीचं शेवटचं पान फाटलंय ही गोष्ट मात्र त्या एका दाखल क्रमांकापुढंच लिहावी लागते. तुम्ही घरी नेता ती प्रत. मैत्रिणीला ‘वाच’ म्हणून सांगता ती कादंबरी. बोलताना दोन्हीला आपण ‘पुस्तक’ म्हणतो आणि आपलं काही अडत नाही. संगणकाचं अडतं.

आमच्याकडंही तेच. ‘गेम’ म्हणजे कोनामी या जपानी कंपनीनं केलेली, 1987 साली आधी आर्केडमध्ये (नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर) आलेली कॉन्ट्रा ही कृती. ती कुणाच्या कपाटात नसते, तिला ओरखडा पडत नाही, ती पुरात भिजत नाही. ‘कॅसेट’ म्हणजे माझ्या कपाटातला प्लास्टिकचा तुकडा, ज्याला मालक आहे, किंमत आहे, वास आहे. गेमची नोंद जगाबद्दल असते आणि कॅसेटीची नोंद कपाटाबद्दल.

कुठली माहिती कुठं घालायची यासाठी आम्ही एक साधी परीक्षा काढली. उद्या ही कॅसेट पाट्याखाली चिरडली तरी ही माहिती खरी राहील का? राहत असेल तर ती गेमकडं जाते. कंपनी, एका वेळी किती जण खेळू शकतात, पहिल्यांदा कधी आला, हे सगळं राहतं. लेबलचा रंग उडालाय, पिना काळ्या पडल्यात, मागच्या बाजूला कुणीतरी पेननं ‘बंटी’ लिहिलंय, हे कॅसेटीबरोबर जातं. परीक्षा बाळबोध आहे, पण निम्मी भांडणं तिनं मिटवली.

‘वर्ष’ हा रकाना तर नमुनेदार होता. एकानं त्यात गेम निघाला ते वर्ष लिहिलं होतं, दुसऱ्यानं लेबलवर छापलेलं, आणि तिसऱ्यानं वडिलांनी कॅसेट घेतली ते. 1987, 1990 आणि 1996, तिन्ही ‘कॉन्ट्रा’समोर, तिन्ही आपापल्या जागी खरी. रकान्यानं विचारलं होतं फक्त ‘वर्ष’. कशाचं, ते विचारलंच नव्हतं.

आता इथवर गोष्ट सरळ आहे. पण गेम आणि कॅसेट यांच्या मध्ये आणखी एक पायरी असते, आणि ती विसरली की दोन कप्पे करूनही पसारा होतो. मराठी पुस्तकाच्या आतल्या पानावर तिला आपण ‘आवृत्ती’ म्हणतो. घरच्या मशीनवर कॉन्ट्रा 1988 साली आली. जपानमध्ये फॅमिकॉमसाठी (निन्टेंडो कंपनीचं घरगुती गेम-यंत्र) निघालेल्या कॅसेटीत कोनामीची वेगळी चिप होती, त्यामुळं तिच्यात जास्तीची दृश्यं आहेत, लेव्हलच्या मध्ये नकाशा येतो, बर्फाच्या लेव्हलमध्ये बर्फ पडतो. अमेरिकेत एनईएससाठी (त्याच यंत्राचं जपानबाहेरचं रूप) निघाली ती यातलं बरंच गाळून. युरोपात 1990 साली आली तेव्हा माणसांच्या जागी यंत्रमानव घातले होते आणि नाव होतं ‘प्रोबोटेक्टर’. गेम एक, आवृत्त्या तीन, कॅसेटी लाखो. आमच्या माडीवर याची चाचणी अशी होते: कॅसेट लावायची, पहिल्या जंगलात उभं राहायचं, गोळ्या चुकवायच्या आणि मागच्या झाडांकडं बघायचं. झाडं हलत असतील तर जपानी आवृत्तीचं रक्त. आमच्या ढिगातल्या बहुतेकांत झाडं ढिम्म उभी असतात. एकदा एकीत ती हलली तेव्हा माडीवर जो आरडाओरडा झाला, तो ऐकून खालच्या काकू बघायला वर आल्या.

उलटंही होतं, नाव एक आणि गेम दोन. ‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’ घ्या. जपानमध्ये 1986 साली या नावानं डिस्कवर आला तो पहिल्या मारिओचाच जास्त अवघड भाऊ. अमेरिकेत 1988 साली याच नावानं आला तो भलताच गेम. ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा 1987 चा एक जपानी गेम घेऊन त्यात मारिओची मंडळी बसवली होती. तोच मग 1992 साली जपानमध्ये परत गेला, ‘सुपर मारिओ यूएसए’ या नावानं. नाव हीच ओळख मानणाऱ्या शीटला हे कसं पेलणार? म्हणून गेमला क्रमांक द्यायचा आणि नाव हा त्या क्रमांकाला लटकवलेला बिल्ला समजायचा. बिल्ले कितीही असू देत.

आणि बिल्ल्यांच्या बाबतीत आपण भारतीय पोरं सगळ्यांच्या पुढं. आपल्या घरांत आली ती बहुतेक फॅमिकॉमची नक्कल केलेली यंत्रं. म्हणून आपल्या कॅसेटीला 60 पिना, अमेरिकन एनईएसच्या कॅसेटीसारख्या 72 नाहीत. गेम आले ते बेनामी, दहा-वीस एकत्र कोंबलेले, आणि मेनूवर जे नाव दिसलं तेच आमच्यासाठी त्याचं बारसं. हडसन कंपनीचा 1986 चा ‘ॲडव्हेंचर आयलंड’ इथल्या कित्येकांसाठी आजही ‘आयलंडर’ आहे. नामकोचा 1985 चा ‘बॅटल सिटी’ म्हणजे ‘टँक’, पुढं त्याचीच कुणीतरी मोडतोड करून काढलेली ‘टँक 1990’ ही सुद्धा ‘टँक’च. ‘रोड फायटर’ म्हणजे ‘कार’. या नावांना चुकीची म्हणून फेकून दिलं तर डेटाबेस जपान-अमेरिकेचा होईल, आपला होणार नाही. गंगावेशीतला माणूस ‘आयलंडर’ असंच शोधणार. त्यात कॉन्ट्रा, काँट्रा, कोंट्रा ही लेखनाची तीन रूपं आहेतच. म्हणून गेमच्या नोंदीत ‘इतर नावं’ हा रकाना आम्ही सगळ्यांत सैल ठेवलाय. लेबलवर काय छापलंय ते मात्र कॅसेटीच्या नोंदीत जसंच्या तसं, स्पेलिंगच्या चुकांसकट उतरवायचं. चूक दुरुस्त केली की ती कॅसेट ओळखायची एक खूण गेली.

लेबलवर विश्वास नाही, मेनूवर नाही, मग कॅसेटीत नेमकं काय आहे हे ठरवायचं कसं? इथं चेकसम कामी येतो. कॅसेटीतली माहिती एका छोट्या यंत्रानं संगणकावर उतरवता येते आणि त्या फाईलीवरून एक ठसा काढता येतो. सीआरसी-32 चा ठसा आठ अक्षरांचा, शा-1 चा चाळीस अक्षरांचा. आत एक बिट जरी इकडचा तिकडं झाला तरी ठसा बदलतो. नक्कल करणाऱ्यांनी सुरुवातीच्या पडद्यावरून कंपनीचं नाव पुसलं असेल तरी ते इथं पकडलं जातं.

यात आम्ही एकदा सपशेल फसलो. दोघांनी एकाच आवृत्तीचे दोन वेगळे ठसे आणले, आणि आपल्याला नवी आवृत्ती सापडली म्हणून चहा मागवून झाला. मग लक्षात आलं की एकाच्या फाईलीच्या तोंडाशी 16 बाइटचा हेडर होता. तो मूळ कॅसेटीत नसतोच. संगणकावर गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला आतली रचना कळावी म्हणून तो मागाहून जोडतात. हेडर वगळून मोजलं तेव्हा ठसे जुळले. चहाचे पैसे कुणी दिले नाहीत, शेवटी मीच दिले.

ठशाबद्दल दोन गोष्टी सांगून पुढं जातो. ठसा आवृत्ती ओळखतो, कॅसेट नाही. माझी आणि तुमची कॅसेट एकाच ठशाची निघाली म्हणून त्या एक होत नाहीत. आणि आमच्याकडं फक्त ठसे असतात, गेमच्या फाईली नाहीत. त्या कुणी मागू नयेत. गेम जुना झाला म्हणून त्याचा कॉपीराइट संपत नाही.

कॅसेट उघडूनही बऱ्याच गोष्टी कळतात. फॅमिकॉमच्या कॅसेटीला बहुतेक वेळा स्क्रू नसतात, दोन अर्धी एकमेकांत अडकवलेली असतात. पातळ पट्टी कडेनं सरकवली की ‘टक्’ करून उघडतात, किंवा कोपरा तुटतो. आत हिरवी पट्टी आणि तिच्यावर सरळ चौकोनी चिपा नाहीतर डांबराचा थेंब पडावा तसा काळा गोळा. गोळा दिसला की आमच्यातले काही जण लगेच ‘नकली!’ म्हणतात. नुसत्या गोळ्यावरून निकाल देऊ नये, असा माझा हट्ट आहे. फोटो काढायचा, तो कॅसेटीच्या नोंदीला जोडायचा आणि निकालाचा रकाना तूर्त रिकामा ठेवायचा.

हे दोन कप्पे वेगळे केल्याचा एक फायदा आम्हाला आधी सुचलाच नव्हता. गेमची नोंद सगळ्यांची. ती कुणीही सुधारू शकतो, फक्त पुरावा जोडायचा. कॅसेटीची नोंद ज्याची त्याची. माझी कॅसेट चालते की नाही हे मीच सांगणार, तुम्ही माझ्या घरी येऊन बघेपर्यंत. कुणाकडं काय आहे, कितीला घेतलं, कुठल्या गल्लीत आहे, हे उघड्यावर ठेवायचं की नाही हेही त्यानंच ठरवायचं. एकाच शीटमध्ये सगळं असतं तेव्हा ‘कॉन्ट्रा’ शोधणाऱ्या परक्या माणसाला तुमचा पत्ताही फुकट मिळतो. कॅसेट विकली तर दाखल क्रमांक तोच राहतो, फक्त मालक बदलतो. सदस्य गट सोडून गेला तर त्याच्या कॅसेटी त्याच्याबरोबर जातात, पण गेमबद्दल त्यानं लिहिलेलं मागं राहतं.

‘9999 इन 1’ ने मात्र आमचा घाम काढला. ही एक कॅसेट, पण गेम किती? मेनूवर पानंच्या पानं नावं, त्यातली थोडीच खरी. बाकी तेच गेम पुन्हा पुन्हा, नाव बदलून, कुठं तिसऱ्या लेव्हलपासून, कुठं हातात आधीच चांगली बंदूक देऊन. म्हणजे एका गेमच्या अनेक कॅसेटी असतात तसे एका कॅसेटीत अनेक गेमही असतात. दोन तक्त्यांत हे बसत नाही. मधे तिसरा तक्ता लागतो, ज्यात प्रत्येक ओळीत फक्त इतकंच असतं: अमुक कॅसेटीच्या मेनूतल्या अमुक क्रमांकावर, अमुक नावानं, अमुक गेमची अमुक आवृत्ती. आमच्यातला एक निवृत्त तलाठी रोज रात्री जेवणानंतर अशी एकेक कॅसेट लावून बसतो आणि वहीत नोंद करतो. सातबारा लिहिल्यासारखं सुवाच्य अक्षर. त्याच्या घरचे काय म्हणतात ते विचारायचं धाडस कुणी केलेलं नाही.

पुसलेल्या त्या सात ओळी शीटच्या जुन्या आवृत्तीत सापडल्या. उत्साही गड्यानंच त्या शोधून काढल्या आणि नव्या तक्त्यात एकेक करून भरल्या. कॉन्ट्रा आता गेम क्रमांक 12 आहे, एकदाच. तिच्याखाली सात दाखल क्रमांक. माझा 41. त्यानं भरण्याआधी कॅसेट मागून घेतली, उघडली, उजेडात धरून बघितली आणि माझ्या नोंदीत नव्हती अशी एक ओळ स्वतःहून घातली: ‘आतल्या बाजूला खालून दीड सेंटिमीटरवर गाळाची रेघ. पुसू नये.’