जवे गोधी मागाल तर खपली मिळेल

कर्नाटकातल्या चिकोडी-अथणीकडच्या दुकानात 'जवे गोधी' मागा, बहुतेक वेळा पुड्यात खपली गहू बांधून मिळेल. कन्नडमध्ये हेच नाव बार्लीला, म्हणजे जवालाही आहे. मराठीतला 'सातू' तितकाच फसवा: सातू जवालाही म्हणतात आणि भाजलेल्या गहू-डाळव्याच्या पिठालाही. कोलेस्टेरॉलसाठी जव खायला सांगितलेला माणूस महिनाभर खपलीची हुग्गी (गूळ घातलेली खीर) खात बसला, तर गूळ तेवढा पोटात जाईल.

खपली आणि शाळू (रब्बी ज्वारी) ही चांगलीच धान्यं आहेत. भाकरीचं पीठ कोंड्यासकट असतं, आणि अख्खं धान्य खाणाऱ्यांत हृदयविकार कमी आढळतो. पण त्यांचा तंतू मुख्यतः न विरघळणारा. तो पोट साफ ठेवतो, कोलेस्टेरॉलला फारसा हात लावत नाही. जवातला बीटा-ग्लुकन हा तंतू मात्र पाण्यात विरघळून बुळबुळीत होतो, आणि सगळी गंमत त्या बुळबुळीत आहे.

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती लहान आतड्यात उतरून चरबी पचवायला मदत करतात आणि आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात सुमारे 95 टक्के शोषली जाऊन यकृताकडे परततात. तोच माल दिवसातून कित्येक फेऱ्या मारतो. चिकट बीटा-ग्लुकन ही परतीची वाट अडवतो, आणि जास्त पित्ताम्लं शौचावाटे निघून जातात. तूट भरायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं. मग यकृतपेशी आपल्या पृष्ठभागावर एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, पकडणारे रिसेप्टर वाढवतात आणि रक्तातलं एलडीएल आत ओढतात. (या रिसेप्टरच्या शोधाला 1985 चं नोबेल मिळालं.)

चिकटपणा बीटा-ग्लुकनच्या रेणूची साखळी किती लांब आहे यावर ठरतो. धान्याला मोड आले की त्यातली विकरं (एन्झाइम) ही साखळी तोडतात. बिअरसाठी जवाला मोड आणून माल्ट करताना नेमकं तेच हवं असतं, आपल्याला नको असतं. म्हणून 'मोड आणले की सगळंच दुप्पट पौष्टिक' हा फॉरवर्ड इथे उलटा पडतो. गव्हाच्या पिठात जवाचं पीठ मळून रात्रभर ठेवलं तरी तोटा होतो. मळा आणि लगेच लाटा.

रोज 3 ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतो. जवात तो साधारण 4 ते 6 टक्के असतो, म्हणजे 75 ग्रॅम कोरडे जव पुरतात. रात्री भिजवा, तिप्पट पाण्यात मऊ शिजवा आणि कण्यांसारखे ताकात कालवा. वरचं पाणी ओतू नका. नुसतं गाळलेलं बार्लीचं पाणी प्यायलात तर बराचसा ऐवज चाळणीत राहतो. पॉलिश केलेले पांढरे जवही चालतात, कारण गव्हाचा तंतू बहुतेक कोंड्यात असतो, जवाचा बीटा-ग्लुकन दाण्याच्या गाभ्यातही पसरलेला असतो.

एलडीएल यातून सुमारे 5 टक्के उतरतं, तेही काही आठवडे नियमित खाल्ल्यावर. डॉक्टरांनी दिलेली गोळी यासाठी बंद करायची नाही. ग्लूटेन चालत नसेल त्यांनी जव आणि खपली दोन्ही टाळावेत, शाळूची भाकरी चालेल. बाकीच्यांनी 25 ग्रॅमपासून सुरुवात करावी. पहिल्याच दिवशी पूर्ण 75 ग्रॅम खाल्ले तर पोट गच्च फुगतं.