मांडीवरची छिद्रं मोजताना

राधानगरी अभयारण्यात, दाजीपूरच्या बाजूला, भर दिवसा एक बोटभर लांबीची पाल हिंडताना दिसते. रंग तपकिरी, त्यामुळे हलली नाही तर नजरेतून सुटते. घरातली पाल रात्री दिव्याभोवती टपून असते, ही उजेडातली. तिचा डोळा नीट पाहा. घरच्या पालीची बाहुली दिवसा उभ्या फटीसारखी आकसते, हिची मात्र गोल. बोटंही निराळी. त्यांना रुंद गादी नाही. ती बारीक, लांब आणि मधेच वाकलेली, टोकाला नखं. एवढं जुळलं की ही ‘निमास्पिस’ या प्रजातीतली, म्हणजे अनेक जातींच्या एका गटातली पाल, असं बहुतेक ठरतं.

पण निमास्पिसमधली जाती कोणती? त्यासाठी पाल उताणी करून बघावी लागते. नराच्या मांड्यांखाली आणि शेपटीच्या मुळाच्या थोडं पुढे काही खवल्यांवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. त्यांतून मेणासारखा स्राव पाझरतो, आणि तो गंधखुणा करायला उपयोगी पडतो. कुठल्या खवल्यांवर किती छिद्रं, ती सलग की तुटक, हा हिशेब जातीगणिक बदलतो. दाजीपूरच्या नरांत २४ ते २८ छिद्रांची माळ एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत कुठेही न तुटता जाते. वरद गिरी, आरन बाउअर आणि क्षमता गायकवाड यांनी २००९ मध्ये या पालीला ‘निमास्पिस कोल्हापुरेन्सिस’ हे नाव दिलं. तिथून उत्तरेला सुमारे १५० किलोमीटरवर कासचं पठार. तिथल्या नराच्या प्रत्येक मांडीवर अवघी चार छिद्रं, मधल्या भागात एकही नाही. ती २०१४ मध्ये वेगळी जाती ठरली आणि गिरींच्याच नावावरून ‘गिरीआय’ झाली. एवढ्याशा ठिपक्यांत एक अख्खी जाती लपलेली असते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

मादीला ही छिद्रं नसतात, त्यामुळे तिथे काम किचकट होतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली खवले वाचायचे: पाठीवरचे सगळे सारखे की मधेमधे मोठे दाणे, कुशीवर काट्यासारखे उंचवटे आहेत का, पोटाचे खवले गुळगुळीत की मधोमध धार असलेले.

दिसण्यावर भिस्त ठेवली की फसगतही होते. आफ्रिका, दक्षिण आशिया आणि आग्नेय आशिया इथल्या गोल बाहुलीच्या पाली कित्येक वर्षं एकाच निमास्पिसमध्ये गणल्या जात. पुढे डीएनए ताडून पाहिला तेव्हा कळलं, की हे तीन निरनिराळे वंश आहेत. तिघांनी स्वतंत्रपणे दिवसाचं जगणं धरलं, आणि एकसारख्या जगण्याने डोळे नि बोटं एकसारखी घडली.

सह्याद्रीत गोष्ट उलटी आहे. सावलीतला ओलसर कातळ सोडून या पाली सहसा लांब जात नाहीत. मधली उघडी, तापलेली दरी त्यांना समुद्रासारखी. डोंगर जवळ असले तरी वंश एकमेकांपासून तुटतात, आणि वरून पाहता मात्र सगळ्या तपकिरीच राहतात. आंबोलीतून २०१६ मध्ये ‘फ्लॅव्हिव्हेंट्रॅलिस’ ही जाती नोंदली गेली. नावाचा अर्थच पिवळ्या पोटाची. आंबोलीतल्या निमास्पिसचा उलगडा झाला असं वाटावं, तर दोनच वर्षांनी त्याच आंबोलीतून आणखी एक वेगळी निघाली, ‘आंबोलिएन्सिस’.