भूक किती, आणि काम कोणतं

मालवणकडे पावसाळा लागला की उंदीर माळ्यावर चढतात. आमची आजी पिंजऱ्याच्या हुकाला भाजलेलं खोबरं अडकवायची. भरपावसात रात्रीत खटका पडे. भात घरात आल्यावर मात्र तेच खोबरं दोन-दोन दिवस लटकत राही. आजी म्हणायची, "मेल्याचा पोट भरलला आसा."

प्रयोगशाळेत ही गोष्ट आकड्यांत मांडायला 1938 उजाडलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचं उंदरांच्या तरफ-दाबणीवरचं (पेटीतली दांडी, म्हणजे तरफ, दाबली की खाऊ मिळतो) पुस्तक त्याच साली आलं. त्याचा विषय साधक अभिसंधान. म्हणजे काय, तर ज्या कृतीमागून खाऊ मिळतो ती कृती वाढते. पण किती वाढते? विल्यम्स (1938) आणि पेरिन (1942) यांनी उंदरांना 23 तास उपाशी ठेवून तरफ शिकवली. मग चाचणीत खाऊ बंद केला आणि उंदीर किती वेळा तरफ दाबतात ते मोजलं. विल्यम्सचे उंदीर चाचणीच्या वेळी 22 तासांचे उपाशी होते, पेरिनचे जेमतेम 3 तासांचे. शिकवणी सारखीच, तरी जास्त भुकेला उंदीर जास्त वेळा तरफ दाबत राहिला. मानसशास्त्रज्ञ क्लार्क हलनं 1943 मध्ये यावरून सवय आणि प्रेरणा यांचा चक्क गुणाकार मांडला: भूक शून्य, तर वर्तनही शून्य. पुढे हे गणित पुरतं टिकलं नाही, पण प्रश्न नेमका झाला.

दुसरी बाजू बराच काळ दुर्लक्षित राहिली. उंदराकडून करून काय घ्यायचं? तरफ सोयीची, म्हणून सगळे तरफच वापरत. (मोजायला सोपं ते महत्त्वाचं, हा रोग फक्त मानसशास्त्राला नाही.) 1970 मध्ये मानसशास्त्रज्ञ बोल्सनं दाखवून दिलं की विजेचा झटका टाळायला उंदीर पळणं चटकन शिकतो, तरफ दाबणं मात्र महामुश्किलीनं. घाबरलेला उंदीर पळतो किंवा थिजतो; तरफेकडे त्याचा पाय वळतच नाही.

खाऊसाठी अंग खाजवायला लावलं तर? मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकला 1898 मध्येच पेटीत कोंडलेल्या मांजरांत चमत्कारिक प्रकार दिसला होता. चाटल्यावर सुटका होते असं कळल्यावर मांजर चाटायचं नुसतं निमित्त करी. पिअर्स, कोलविल आणि हॉल यांनी 1978 मध्ये हेच उंदरांवर पाहिलं. अन्नासाठी खाजवणं तोकडं, वरवरचं होई. मग त्यांनी उंदरांच्या गळ्यात पट्टा बांधला. पट्ट्यानं खाज सुटली आणि उंदीर खाऊसाठी खरोखर खाजवू लागले.