एन. राजम यांचं व्हायोलिन काशीला कसं पोचलं

एन. राजम यांची ओळख करून देताना निवेदक हमखास म्हणतात, ‘व्हायोलिनवर गायकी अंग, म्हणजे गळ्यातून गावं तसं वाजवणं, यांनीच आणलं.’ आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना हे जरा खटकतं, आणि त्यांचं चुकत नाही. गायक-व्हायोलिनवादक गजाननराव जोशींनी घरची ग्वाल्हेर घराण्याची तालीम गळ्याइतकीच व्हायोलिनवरही उतरवली होती. गोव्याच्या श्रीधर पार्सेकरांचं व्हायोलिन ऐकलेले लोक आजही त्याबद्दल बोलताना हळवे होतात. तेव्हा ‘पहिलं कोण’ हा वाद बाजूला ठेवू. राजम यांच्या सुरुवातीच्या वाटचालीतली खरी मौज निराळी आहे: दक्षिणेच्या कर्नाटक पद्धतीत पक्का झालेला हात त्यांनी उत्तरेच्या हिंदुस्थानी ख्यालगायकीसाठी पुन्हा घडवला आणि या दोन पद्धतींमधलं अंतर हाच आपल्या अभ्यासाचा विषय केला.

दक्षिणेत व्हायोलिन परकं उरलेलं नव्हतं. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांनी ते मद्रासमध्ये एका युरोपियन वादकाकडून शिकून घेतलं आणि कर्नाटक संगीतात आणलं. तंजावरच्या चार संगीतकार भावांपैकी वडिवेलू यांना त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ साली हस्तिदंती व्हायोलिन भेट दिलं होतं. पुढे शंभर वर्षांत तिथे व्हायोलिनच्या साथीशिवाय गाण्याची बैठक होईना. उत्तरेत साथीला सारंगी होती, मागून पेटी आली. व्हायोलिनला जागा मिळायला वेळ लागला. आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती १९७१पर्यंत टिकली. आपल्याकडची व्हायोलिनवाल्यांची मोठी पिढी याच काळात वर आली.

राजम यांचा जन्म १९३८चा. वडील ए. नारायण अय्यर हेच पहिले गुरू, आणि भाऊ टी. एन. कृष्णन पुढे कर्नाटक व्हायोलिनमधलं मोठं नाव झाले. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हातात वाद्य आलं आणि नवव्या वर्षी कार्यक्रम सुरू झाले. कर्नाटक गायक मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांच्याकडेही त्या शिकल्या. आहे त्याच रस्त्याने गेल्या असत्या तरी नाव झालंच असतं. त्यांनी गुरू केले ते मात्र पं. ओंकारनाथ ठाकूर. विष्णु दिगंबर पलुस्करांचे हे शिष्य, म्हणजे गाणं ग्वाल्हेरचं, पण आवाजाचा चढउतार आणि शब्दातला भाव यांवर त्यांचा जीव. व्हायोलिनवालीने गवयाकडे शिकायचं, म्हणजे बोटं कुठे ठेवायची हे गुरू सांगणार नाही. तो गाणार, वाट आपली आपण शोधायची.

हा शोध किती किचकट होता, ते हाताकडे पाहिलं की कळतं. मांडी घालून बसायचं, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवायचं आणि दुसरं टोक छातीशी. वाद्य दोन्हीकडून धरलं गेलं की डावा हात मोकळा होतो आणि पट्टीवर वरखाली हवा तसा घसरू शकतो. बोट अडू नये म्हणून थोडं खोबरेलही लावतात. ही बैठक दक्षिणेचीच, आणि मिंडेला, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याला, ती आयती उपयोगी पडते. पण कर्नाटक गमकात सूर आंदोलत राहतो, तर विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात तोच सूर स्थिर धरून मग संथपणे पुढच्या सुरावर न्यायचा असतो. उजव्या हाताचं काम त्याहून नाजूक. बंदिशीत नवं अक्षर आलं की गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी, वळवायचा. आकार, म्हणजे ‘आ’ लावून गायलेली ओळ, चालू असेल तर तो तुटता कामा नये, सबंध ओळ एकाच ओढीत यायला हवी. गज मध्येच वळला, तर गवयाने शब्दाच्या पोटातच श्वास घेतल्यासारखं वाटतं. आपल्या मराठी कानाला हे चटकन उमगतं, कारण भजनात शब्द मोडलेला आपण खपवून घेत नाही.

काशी हिंदू विश्वविद्यालयात संगीताचं महाविद्यालय १९५०मध्ये उभं राहिलं तेव्हा ओंकारनाथजी त्याचे पहिले प्राचार्य होते. तिथेच १९५९ साली, एकविसाव्या वर्षी, राजम अध्यापक म्हणून रुजू झाल्या. त्यांची पीएचडी हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या तुलनेवर आहे. हा विषय ग्रंथालयात बसून सुचलेला वाटत नाही. दोन्हीकडची तालीम त्याच बोटांत होती. त्या विद्यापीठाची हवाही त्याला पोषक होती. ओंकारनाथजींच्याच शिष्या प्रेमलता शर्मा यांनी तिथे १९६६मध्ये संगीतशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. जुने संस्कृत ग्रंथ आणि प्रत्यक्ष गाणं यांचा मेळ घालणं, हे त्यांचं काम.

राजम तिथे जवळजवळ चाळीस वर्षं शिकवत राहिल्या. विभागप्रमुख झाल्या, अधिष्ठाताही. पद्मश्री १९८४ची, पद्मभूषण २००४चं. मुलगी संगीता शंकर, भाची कला रामनाथ, नाती रागिणी आणि नंदिनी, सगळ्यांच्या हातात तेच वाद्य. नाती मुंबईत वाढल्या, त्यामुळे इथल्या श्रोत्याला हे वादन आता घरचंच झालंय. नंदिनीची मिंड ऐकताना एखादे आजोबा हटकून ‘पार्सेकर आठवले’ म्हणतात.