नऊ युनिटांची तोफ

पावसाळ्यात ठाणे–वाशी लोकलच्या टपाकडे पाहिलं, तर पँटोग्राफ आणि वरची तार यांच्यामध्ये मधूनच निळसर ठिणगी उडते. तार २५,००० व्होल्टची, आणि गाडी तिच्यातून शे-दोनशे ॲम्पियर ओढत असते. पळत्या गाडीवरून तारेला घासत राहायचं काम पँटोग्राफच्या पट्टीचं. जरा फट पडली की वीज हवेतून उडी मारते. विज्ञानकथांमधल्या विद्युतचुंबकीय तोफेचं, म्हणजे विजेच्या जोरावर गोळा फेकणाऱ्या तोफेचं, सगळ्यात जुनाट दुखणं हेच आहे. फक्त तिथे धारा शे-दोनशे नव्हे, पस्तीस लाख ॲम्पियर असते.

अशा तोफांतली रेलगन रचनेला अगदी साधी. तांब्याच्या मिश्रधातूचे दोन जाड समांतर रूळ आणि त्यांच्यामध्ये सरकणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे आर्मेचर. धारा एका रुळातून जाते, आर्मेचरमधून पलीकडे उतरते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. रुळांमधल्या जागेत तीच धारा चुंबकीय क्षेत्र तयार करते, आणि दहावीत घोकलेला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आर्मेचरला, आणि त्याच्यासोबत गोळ्याला, पुढे ढकलतो. वेगळं चुंबक नको, स्फोटक दारू नको. ढकल धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते: दहा लाख ॲम्पियरला साधारण २५ टन, वीस लाखांना १०० टन.

डिसेंबर २०१० मध्ये व्हर्जिनियातल्या डालग्रेन इथे अमेरिकी नौदलाने ३३ मेगाज्यूलचा बार उडवला. साडेदहा किलोचा गोळा सेकंदाला अडीच किलोमीटर वेगाने सुटला, की त्याच्यात एवढी ऊर्जा असते. ५०० टनांची लोकल ताशी ४० किलोमीटरने स्टेशनात शिरते तेव्हा तिच्यातही साधारण तेवढीच असते. विजेच्या बिलात मोजायचं तर ९ युनिटं. दीड टनाचा एसी एका रात्रीत जवळपास तेवढी खातो.

मग अडतं कुठे? वेळेत. नळी दहा मीटरची धरली आणि वेग एकसारखा वाढला असं मानलं, तर गोळा आठ मिलिसेकंदांत बाहेर पडतो. ती ९ युनिटं त्या आठ मिलिसेकंदांत द्यायची म्हणजे चार हजार मेगावॅट, अख्ख्या मुंबईची उन्हाळ्यातली कमाल मागणी ज्या घरात असते तो आकडा. वर तोफेची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर तिप्पट. कोणतीही बॅटरी एवढ्या झटक्यात रिकामी होत नाही, म्हणून मध्ये कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून क्षणात सोडून देणारे डबे, लागतात. त्यांच्या एका घनमीटरमध्ये एक-दोन मेगाज्यूल मावतात. ११० मेगाज्यूलसाठी न्हावा शेवाच्या रस्त्यावर दिसणारे २० फुटी कंटेनर दोन-तीन तरी नुसत्या कपॅसिटरनी भरतील. स्विच, जाड केबली आणि थंड करायची यंत्रणा वेगळी. पडद्यावरचा नायक हे सगळं कमरेच्या पट्ट्याला लटकवतो.

आता रुळांकडे वळू. उलट दिशेच्या धारा एकमेकींना दूर लोटतात. पस्तीस लाख ॲम्पियरला, वीतभर अंतरावरचे रूळ दर मीटरला हजारएक टनांच्या जोराने फाकायला बघतात. त्यांना आवळून धरणारं कवच किंचित जरी ढिलं झालं, तरी आर्मेचर आणि रूळ यांच्यात फट पडते. फटीत आर्क, म्हणजे हवेतून वाहणाऱ्या विजेचा जाळ, पेटतो, आणि आर्क तांबं खातो. आर्मेचर इंग्रजी ‘सी’च्या आकाराचं करतात ते यासाठीच: त्याच्याच धारेने त्याचे दोन्ही पाय बाहेर, रुळांवर दाबले जातात.

तरीही वेग वाढला की पंचाईत होते. रुळाच्या नव्या भागात धारा खोल मुरायला वेळ लागतो, आणि तोवर आर्मेचर पुढे निघून गेलेलं असतं. त्यामुळे जवळजवळ सगळी धारा आर्मेचरच्या मागच्या कडेच्या पातळ पट्टीत गर्दी करते. ती पट्टी वितळते, ॲल्युमिनियमचा थर रुळांवर बसतो, आणि पुढच्या बाराला रूळ गुळगुळीत राहिलेले नसतात. सुरुवातीच्या टोकाला त्रास उलटा: तिथे आर्मेचर सावकाश हलतं, म्हणून एकाच जागी उष्णता साचते. रेलगनच्या चित्रफितींमध्ये दारू नसतानाही तोंडातून जाळ निघताना दिसतो, तो या धातूच्या वाफेचा आणि आर्कचा. अमेरिकेने २०२१ मध्ये हा प्रकल्प थांबवला. जपानने २०२३ मध्ये जहाजावरून रेलगन डागली.

घासणंच नको असेल तर कॉइलगन. एकापुढे एक कॉइली, म्हणजे तारेची वेटोळी, लावायच्या आणि लोखंडी गोळीला प्रत्येकीने आत ओढायचं. यातला हट्टी दोष असा की गोळी कॉइलच्या मध्यातून पुढे गेली, की तीच कॉइल तिला मागे खेचते. म्हणून गोळी मध्यावर यायच्या आत धारा बंद व्हायला हवी. कॉइल मात्र धारा सहजासहजी सोडत नाही. जबरदस्तीने तोडली तर उसळलेल्या व्होल्टेजने स्विच जळतो. शिवाय दोन टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास लोखंड संपृक्त होतं, म्हणजे त्याचं चुंबकत्व आणखी वाढत नाही. त्यानंतर धारा वाढवली तर तारच जास्त तापते. एका कॉइलच्या तोफेने दोन टक्के कार्यक्षमता गाठली तरी हौशी मंडळी खूश असतात. १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४५० व्होल्टला भरला तर १०० ज्यूल होतात. त्यातले दोन ज्यूल ५ ग्रॅमच्या गोळीला मिळून ती ताशी १०० किलोमीटरने जाते, म्हणजे फिरकी गोलंदाजाच्या जलद चेंडूएवढी. तो भरलेला कपॅसिटर मात्र तोफ बंद केल्यावरही माणसाला मारू शकतो.

हातातल्या बंदुकीचा हिशेब अनेकदा चुकीच्या टोकाने धरला जातो. १ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३ किलोमीटरने सोडली तर धक्का नेहमीच्या रायफलीपेक्षा कमीच बसेल. ऊर्जा साडेचार किलोज्यूल. किलोभर लिथियम बॅटरीत असे चाळीसेक बार सहज असतात. पाठीवर दहा-पंधरा किलोचे कपॅसिटर घेतले की झालं. पण मग हवा आडवी येते. ठाण्याच्या तलावपाळीच्या एका काठावरून सोडलेली एवढीशी पोलादी गोळी दर चाळीसेक मीटरला निम्मा वेग गमावते. सव्वाशे मीटरवर उरतात सेकंदाला पावणेचारशे मीटर. बाकीचं सगळं तळ्यावरची हवा तापवण्यात गेलं.

या कल्पनेचा पहिला मोठा फजितवडा नॉर्वेत झाला. तिथले भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्टियान बिर्कलंड यांनी १९०३ मध्ये विद्यापीठात आपल्या कॉइलच्या तोफेचं जाहीर प्रात्यक्षिक ठेवलं, आणि शॉर्ट सर्किट होऊन भला मोठा आर्क पेटला. तोफ गेली, पण आर्क कामी आला. त्याच्या उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडून खत बनवायची पद्धत त्यांनी उद्योजक साम एडे यांच्याबरोबर उभी केली, आणि त्यातून १९०५ मध्ये नोर्स्क हायड्रो ही कंपनी निघाली.

विज्ञानकथेला खरा वाव चंद्रावर आहे. तिथे हवा नाही, आणि चंद्र सोडून जायला सेकंदाला २.४ किलोमीटर पुरतात. जेरार्ड ओनील आणि हेन्री कोल्म या भौतिकशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात एमआयटीत अशा मालवाहू तोफेचा छोटा नमुना चालवूनही दाखवला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, ते अंतर ३४ किलोमीटर. तेवढ्याच लांबीचा मार्ग चंद्रावर टाकला, तर साडेआठ जी, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाच्या साडेआठ पट, प्रवेग पुरतो. माणसाला तो नकोसा होईल, खनिजाच्या पोत्याला नाही. त्या गाडीला ५७ मिनिटं लागली होती. इथे अर्ध्या मिनिटाच्या आत काम होतं आणि किलोमागे लागते जेमतेम पाऊण युनिट. कॉइलींमधून पोतं नेणारी बादली शेवटी माल सोडते आणि ब्रेक लावून मागे परतते. ब्रेक लावताना तिची ऊर्जा पुन्हा तारेत जाते, ठाण्यात शिरणारी नवी लोकल करते तसंच.