माँटगोमेरी बस बहिष्कार

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय रहिवाशांनी ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस सिटी बसवर घातलेला बहिष्कार. बसमधल्या पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या; त्या रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीयांनी तिथे टेकायचे नाही. पुष्कळदा पुढच्या दाराशी पैसे द्यायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी पुढे काढली, तर पैसेही गेले. बहुसंख्य उतारू मात्र हेच लोक होते.

१ डिसेंबरला रोझा पार्क्स यांनी गोऱ्या उतारूसाठी उठायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, असे अजूनही सांगतात. तो त्यांच्यावर अन्याय आहे. दुकानात शिवणकाम करणाऱ्या पार्क्स नागरी हक्कांच्या चळवळीत कित्येक वर्षे काम करत होत्या. त्याच वर्षी मार्चमध्ये १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिनलाही अशीच अटक झाली होती.

पार्क्स यांच्या अटकेच्या रात्रीच प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या यंत्रावर बहिष्काराची हाक देणारी हजारो पत्रके सायक्लोस्टाइल केली. सोमवारी, ५ डिसेंबरला, बस जवळपास रिकाम्या धावल्या. बहिष्कार चालवणाऱ्या नव्या समितीचे अध्यक्षपद २६ वर्षांच्या मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे आले. त्यांचे नाव जगभर झाले, पण वर्षभर पायपीट केली ती मुख्यतः गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणेभांडी करणाऱ्या बायकांनी. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकीण बाई इतर बायकांना घेऊन केक, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ) आणि जेवण विकत व पैसे बहिष्कारासाठी सभेत आणून देत. त्यांच्या मंडळाचे नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असे कोणी विचारले, तर ‘कुठूनच नाही’ म्हणता यावे! बाईचे नाव फुटले असते, तर दुसऱ्या दिवशी तिचे काम गेले असते.

टॅक्सीवाले दहा सेंटांत माणसे नेऊ लागले, तर शहराने किमान ४५ सेंटांची सक्ती केली; मग खासगी मोटारींतून लोकांची ने-आण करण्याची रीतसर व्यवस्था उभी राहिली. जानेवारी १९५६ मध्ये किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. निकाल लागला तो कॉल्व्हिनसह चार स्त्रियांच्या दाव्यावर: १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा निर्णय कायम केला. २१ डिसेंबरला लोक पुन्हा बसमध्ये चढले, पुढच्या दाराने. काही दिवसांतच बसवर गोळीबार झाला. पार्क्स यांची नोकरी बहिष्काराच्या काळातच गेली होती. १९५७ मध्ये त्यांनी माँटगोमेरी सोडले.