एसीची जाळी आणि प्युरिफायरचा फिल्टर

एसी आणि एअर प्युरिफायर ही दोन्ही यंत्रे बंद खोलीतली हवा ओढून घेतात, जाळीतून गाळतात आणि पंख्याच्या जोरावर त्याच खोलीत परत सोडतात. त्यामुळे एसी घेतला म्हणजे हवा शुद्ध करण्याचीही सोय झाली, असे अनेक घरांत गृहीत धरले जाते आणि एसीच्या खोक्यावर ‘पीएम २.५ फिल्टर’ असे छापलेले असले की तो समज पक्का होतो. प्रत्यक्षात दोघांच्या जाळ्या अगदी निरनिराळ्या कामांसाठी बनवलेल्या असतात. ज्या घरात तान्हे मूल, दम्याचा रुग्ण किंवा वयस्कर माणूस आहे, तिथे तरी हा फरक खरेदीपूर्वीच समजून घ्यायला हवा.

स्प्लिट एसीच्या आतल्या युनिटचे झाकण वर उचलले की प्लॅस्टिकची बारीक विणीची जाळी दिसते. ती उजेडासमोर धरली तर तिची छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि त्यातच तिची मर्यादा कळते. फुप्फुसात खोलवर जाणारे पीएम २.५ कण अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या साधारण पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाइतके असतात. ते या छिद्रांतून निर्धास्त पार होतात. जाळीवर अडकतात ते केस, कपड्यांचे तंतू आणि जाड धूळ. मुळात ही जाळी आपल्या फुप्फुसांसाठी नसून तिच्या मागच्या कूलिंग कॉइलसाठी असते. कॉइल ओली असल्याने धूळ तिथपर्यंत पोहोचली की चिकटून बसते, हवेची वाट अडते, खोली गार व्हायला वेळ लागतो आणि शेवटी कॉइलवर बर्फ धरतो. काही मॉडेलमध्ये या जाळीवर बोटभर रुंदीची वेगळी पट्टी बसवलेली असते आणि तिचीच जाहिरात होते. पण कॉइलचा बराचसा भाग पट्टीबाहेर मोकळा राहत असेल, तर बहुतेक हवा तिला वळसा घालून जाणार, हे उघड आहे.

प्युरिफायरमधला हेपा फिल्टर हा अतिसूक्ष्म तंतूंचा दाट थर असतो आणि कमी जागेत जास्त पृष्ठभाग मावावा म्हणून त्याला घड्या घातलेल्या असतात. ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी ९९.९७ टक्के अडवणे ही त्याची रूढ कसोटी आहे. त्याहून लहान कण तर सुटूनच जातील, असे वाटणे स्वाभाविक आहे, पण तसे होत नाही. हा फिल्टर चाळणीप्रमाणे काम करत नाही: मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्यामुळे तंतूंवर आदळतात, तर फार लहान कण वेडेवाकडे भरकटत जाऊन तंतूंना चिकटतात. अडवायला सर्वांत अवघड असतात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण, म्हणून चाचणीही त्याच आकारावर घेतली जाते.

इतका दाट थर हवेला जोरदार विरोध करतो आणि प्युरिफायरचा पंखा तो विरोध धरूनच बनवलेला असतो. एसीचा ब्लोअर मात्र कमी दाबाने पुष्कळ हवा हलवण्यासाठी असतो. ऑनलाइन मिळणारा फिल्टरचा कागद कापून एसीच्या जाळीवर चिकटवण्याचा उपाय म्हणूनच टाळावा. थर पातळ असेल तर कण पुरेसे अडत नाहीत, आणि दाट असेल तर हवा कोंडून कॉइल गोठते व भुर्दंड कॉम्प्रेसरला पडतो.

दोघांचे मापही वेगळे आहे. एसीचा ‘टन’ म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), अर्थात सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. हवा किती स्वच्छ होणार, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. प्युरिफायर घेताना सीएडीआर पाहावा, म्हणजे तो ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा देतो तो आकडा. १० बाय १२ फुटांची आणि साडेनऊ फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात सुमारे ३२ घनमीटर हवा मावते. ती तासाला पाच वेळा गाळून निघावी असे धरले तर सीएडीआर निदान १६० हवा. शिवाय छापलेला आकडा सर्वांत वेगवान पंख्याचा असतो आणि त्या आवाजात कोणी झोपत नाही. त्यामुळे हिशेबापेक्षा थोडे मोठे यंत्र घेऊन ते मध्यम वेगावर चालवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मुंबई-पुण्याकडे तर दोघांचे हंगामही जुळत नाहीत. एसी लागतो मार्च ते जून आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात. हवा सर्वांत खराब असते ती साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा वारा मंदावतो आणि रात्री जमिनीलगतच्या गार हवेत वाहनांचा धूर आणि बांधकामांची धूळ अडकून राहते. पीएम २.५ साठी भारतीय मानकाची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली आहे. जानेवारीत अनेकदा भारतीय मर्यादाही ओलांडली जाते, नेमका तेव्हा एसी बंद असतो. म्हणून ‘प्युरिफायरसह एसी’साठी बरेच जास्त पैसे मोजण्यापेक्षा साधा, चांगल्या स्टार रेटिंगचा एसी आणि वेगळा प्युरिफायर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात पावसाने हवा धुऊन निघते, तेव्हा प्युरिफायरला बरीच विश्रांती देता येते. एसी मात्र त्या दिवसांत खोलीतला दमटपणा कमी करून भिंतींवरची बुरशी रोखायला मदत करतो आणि हवेच्या दर्जाला त्याचा खरा हातभार हाच आहे.

एक काम दोघेही करत नाहीत. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही आणि प्युरिफायरही आणत नाही. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो. दारे-खिडक्या घट्ट लावून दोघे जण झोपलेल्या छोट्या खोलीत तो पहाटेपर्यंत १,५०० च्या सहज वर जातो आणि सकाळी डोके जड होते. हेपा फिल्टर वायू अडवू शकत नाही. ॲक्टिव्हेटेड कार्बनचा थर वास आणि काही वायू शोषतो, पण कार्बन डायऑक्साइडसाठी त्याचाही उपयोग नाही. थंडीत दुपारी प्रदूषण तुलनेने कमी असते, तेव्हा खिडक्या उघडाव्यात. फोडणीचा, तळणाचा आणि उदबत्तीचा धूर प्युरिफायरवर सोपवण्याऐवजी एक्झॉस्ट फॅनने थेट बाहेर काढावा.

निगा राखतानाही दोन्ही फिल्टरना एकच नियम लावून चालत नाही. एसीची जाळी वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी काढून, मागच्या बाजूने पाण्याची धार सोडून धुवावी, म्हणजे धूळ छिद्रांत न रुतता सुटून येते. मग ती सावलीत पूर्ण वाळवून बसवावी. ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके दिसले किंवा कुबट वास आला, तर ती बुरशी असते आणि जाळी धुऊन ती जात नाही, त्यासाठी जेट पंपाने सर्व्हिसिंग करावे लागते. ‘गॅस कमी झाला’ असे सांगितले गेले तर गळती कुठे आहे ते आधी विचारावे, कारण वापराने गॅस संपत नाही. हेपा फिल्टर मात्र पाण्याखाली कधीही धरू नये. तंतूंचा थर बिघडतो आणि तो वरून स्वच्छ दिसला तरी निकामी झालेला असतो. त्याच्या बाहेरची जाळी तेवढी ब्रशने झाडावी. फिल्टर बदलण्याचा दिवा अनेक यंत्रांत नुसते चालल्याचे तास मोजून लागतो, म्हणून शेजारी इमारतीचे बांधकाम चालू असेल तर दिव्याची वाट न पाहता फिल्टर काढून त्याच्या घड्या पाहाव्यात आणि त्या करड्या-काळ्या झाल्या असतील तर तो तेव्हाच बदलावा.